दत्तकाचे दप्तर

मराठी माणसापुढे ‘दत्तक’ हा शब्द उच्चारला की त्याला राज्य आठवते. मूल आठवत नाही. झाशी, सातारा, नागपूर, बडोदे ही नावे ओळीने मनात येतात, डलहौसी आठवतो, खालसा झालेली संस्थाने आठवतात. परंतु ज्या पोराला उचलून परक्या घरच्या पाटावर बसविले त्याने मागे काय ठेवले, बरोबर काय नेले, आणि पुढे थोरपणी आपण कोण याचा उलगडा त्याने स्वतःशी कसा केला, हे प्रश्न आमच्या बखरींनी व आमच्या इतिहासकारांनी क्वचितच विचारले आहेत. प्रस्तुत लेखात तेच विचारण्याचा आमचा मानस आहे. आणि ते विचारण्यास आम्ही राहतो ते अंबत्तूर हे स्थळ वाटते तितके आडवळणाचे नाही.

अंबत्तूर हे चेन्नईच्या वायव्येस, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. मुळात ते तळ्याकाठचे खेडे. १९४९ साली तेथे सायकलींचा कारखाना आला, १९६० नंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत वसली, शेजारी आवडी येथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला, आणि २०११ साली हे सारे गाव चेन्नई महानगरपालिकेच्या पोटात गेले. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांस दोन गोष्टी जवळच्या आहेत. पहिली, एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर असलेले तंजावर, जेथे मराठ्यांच्या इतिहासातील एका दत्तकाने आपले दप्तर दगडावर कोरून ठेवले. दुसरी, हे महानगरच, जेथून गेल्या अर्धशतकात पुष्कळ तान्ही मुले परदेशी आईबापांच्या कडेवर बसून विमानाने गेली आणि आता तिशी-चाळिशीची होऊन आपल्या जन्माचा कागद शोधीत परत येतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम तंजावरची हकीकत पाहू. व्यंकोजीराजांच्या वंशातील तुळजाजीराजे मृत्युशय्येवर असता त्यांना औरस पुत्र उरला नव्हता. १७८७ च्या जानेवारीत त्यांनी भोसले कुळाच्याच दुसऱ्या शाखेतला एक मुलगा दत्तक घेतला. १७७७ च्या सप्टेंबरात जन्मलेला हा मुलगा तेव्हा नऊ वर्षे पुरी करून दहाव्यात होता. हेच पुढचे दुसरे सरफोजीराजे. तुळजाजींनी मुलाचा हात श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या हाती देऊ केला. परंतु एकट्या पाद्र्याने राजपुत्राचे पालकत्व पत्करणे योग्य नव्हे, असे जाणून त्याने तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांचे नाव सुचविले. तुळजाजी लवकरच वारले. मद्रासच्या इंग्रज सरकारने पंडितांची सभा भरविली. पंडितांनी निर्णय दिला की हे दत्तविधान अशास्त्र आहे. कारणे तीन सांगण्यात आली: मुलगा आपल्या बापाचा एकुलता एक होता, त्याचे वय अधिक होते, आणि दत्तक घेतेवेळी राजाचे चित्त ठिकाणावर नव्हते. अमरसिंग गादीवर बसले, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला होता तो मुलगा वाड्यात जवळजवळ कैदेत, शिक्षणावाचून पडून राहिला.

येथे क्षणभर थांबून त्या मुलाच्या बाजूने पाहावे. जन्मदात्या घरातून तो विधिपूर्वक उठला होता. ज्या घरी बसला ते घर त्याला आपला म्हणावयास तयार नव्हते. त्याच्या अस्तित्वाचा सारा आधार एका विधीवर आणि तो विधी खरा की खोटा हे सांगणाऱ्या कागदांवर होता. १७९३ साली श्वार्ट्झच्या खटपटीने सरफोजींस व तुळजाजींच्या राण्यांस मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके या पाद्र्याच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास चालू झाला. इकडे पहिल्या पंडितसभेचा निर्णय फिरविण्यासाठी काशी व बंगाल येथील शास्त्र्यांची मते मागविण्यात आली. ती दत्तकास अनुकूल पडली. सर जॉन शोअर याच्या कारकीर्दीत प्रकरणाचा निकाल लागला, आणि १७९८ च्या जूनमध्ये एकविसाव्या वर्षी सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. मरणोन्मुख पाद्र्याच्या शय्येजवळ उभा असलेला राजा, असे जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरात कोरवून घेतलेले शिल्प सरफोजींनी तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. एका परधर्मी, परदेशी पालकाचे ऋण एका हिंदू राजाने अशा उघड रीतीने नोंदवून ठेवावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

राज्य मिळाले, पण राज्यकारभार गेला. १७९९ च्या तहाने सारा मुलूख कंपनीच्या हाती आला आणि राजाकडे किल्ला व त्याच्या भोवतीचा थोडा भाग तेवढा राहिला. अशा राजाने काय करावे? सरफोजींनी ग्रंथ जमविले, वैद्यक जोपासले, शाळा चालविल्या. सरस्वती महालाची कीर्ती आज जगभर आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या सर्व कृत्यांत महत्त्वाचे ते १८०३ साली बृहदीश्वराच्या देवालयात कोरविलेला मराठी शिलालेख हे होय. चिटणीस बाबूराय यांनी रचलेला हा ‘भोसले वंशाचे चरित्र’ नावाचा लेख मूळपुरुषांपासून त्या वर्षापर्यंतची भोसल्यांची सारी हकीकत सांगतो. आमच्या भाषेत याच्याइतका दीर्घ शिलालेख दुसरा क्वचितच असेल. चोळांनी बांधलेल्या, तमिळ लेखांनी भरलेल्या देवालयात मराठी बालबोधाच्या ओळींमागून ओळी पाहिल्या म्हणजे परमुलखात राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा ऊर भरून येतो हे खरे. पण त्या अभिमानाच्या पलीकडे एक प्रश्न उरतो. हा लेख याच राजाने का कोरविला? एकोजी, शहाजी, पहिले सरफोजी, प्रतापसिंह यांपैकी कोणासही आपल्या कुळाची कथा दगडावर लिहून ठेवण्याची गरज भासली नव्हती. जे त्या घरात जन्मले त्यांना ते घर आपले आहे हे सांगावे लागले नाही. ज्याला ते पंडितांपुढे, गव्हर्नरापुढे, कंपनीच्या डायरेक्टरांपुढे अकरा वर्षे सिद्ध करावे लागले, त्याने ते शेवटी फत्तरावर लिहून ठेवले. हा आमचा तर्क आहे. परंतु तो अवास्तव आहे असे आम्हांस वाटत नाही. कागद वाळवी खाते, पंडित मत बदलतात, सरकारे फिरतात, दगड राहतो.

आता शास्त्राकडे वळू. दत्तकाविषयी ‘दत्तकमीमांसा’ व ‘दत्तकचंद्रिका’ हे दोन निबंध देशभर आधारभूत मानले जात. पश्चिम हिंदुस्थानात नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’चे वजन अधिक. प्रांतोप्रांतीचा भेद मोठा मनोरंजक आहे. महाराष्ट्रात विधवेस पतीच्या स्पष्ट आज्ञेवाचूनही दत्तक घेता येई; मद्रास इलाख्यात तिला पतीची आज्ञा किंवा सपिंडांची संमती लागे. महाराष्ट्रात विवाहित, मुलाबाळांचा धनी असलेला पुरुषही दत्तक जाऊ शके; इतरत्र मुंजीच्या आतच ते झाले पाहिजे. सरफोजींच्या विरुद्ध वयाचा जो आक्षेप निघाला तो मयूख मानणाऱ्या मुलखात फारसा टिकला नसता. एकुलता एक मुलगा देऊ नये व घेऊ नये हे वसिष्ठाचे वचन. पण त्याच्या उल्लंघनाने दत्तक रद्द होत नाही, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली दिला. तोवर सरफोजींच्या वंशातील राज्यही अस्तास जाऊन चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली निपुत्रिक वारले आणि कंपनीने तंजावर खालसा केले.

या साऱ्या शास्त्रात मुलाच्या हिताचा विचार किती आहे? सरळ उत्तर द्यावयाचे तर थोडा. बापाला पिंड देणारा हवा, गादीला धनी हवा, म्हणून मूल हवे. मुलाचे गोत्र बदलते, नावही पुष्कळदा बदलते. झाशीचा आनंदराव दामोदरराव झाला. कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली बडोद्यास सयाजीराव झाला. हे दुसरे उदाहरण सुदैवी; कारण १८६२ च्या सुमारास कॅनिंगने दत्तकाच्या सनदा देऊन डलहौसीचे धोरण मागे घेतले होते, आणि जमनाबाईंना चांगला मुलगा पारखून घेण्यास अवसर मिळाला. परंतु सुदैव असो वा दुर्दैव, नवे नाव जुन्या नावावर घातलेल्या झाकणासारखे असे.

असे असूनही त्याच शास्त्रात एक लहानसे कलम आहे, आणि आमच्या मते दत्तकाच्या साऱ्या इतिहासाचे मर्म त्यात आहे. मूल दत्तक गेले, गोत्र पालटले, वारसा तुटला, तरी विवाहाच्या बाबतीत जन्मघरचे सापिंड्य तुटत नाही. जन्माच्या घरी ज्या मुलीशी त्याचे लग्न होऊ शकले नसते तिच्याशी दत्तक गेल्यावरही होऊ शकत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही हे बंधन कायम ठेवले आहे. याचा अर्थ काय होतो? बंधन पाळावयाचे तर जन्मघर ठाऊक असले पाहिजे. म्हणजे ज्या विधीने मुलास जुन्या घरातून तोडले त्याच विधीने जुने घर स्मरणात ठेवण्याची अट घातली. विस्मरण हे दत्तकाचे अंग नव्हे, ही गोष्ट आमचे पूर्वज जाणून होते. गावातल्या गावात, भाऊबंदांतल्या भाऊबंदांत दत्तक जाई तोवर ही आठवण शेजारीपाजारी राखीत. ती कागदावर लिहिण्याचे कारण पडले नाही. प्रश्न उभा राहिला तो मूल दूर जाऊ लागले तेव्हा.

आणि ज्याला कुळच ठाऊक नाही अशा मुलाचे काय? येथेही तंजावर आमच्या उपयोगी पडते. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी व राण्यांनी जागोजाग छत्रे बांधली होती. त्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न निघाला तेव्हा १८०१ साली सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहून त्या छत्रांत काय काय चालते ते सविस्तर कळविले. परमुलखातून आलेल्या यात्रेकरूंची मुले वाटेत पोरकी झाली तर त्यांना छत्रातील शिक्षकांच्या हवाली करीत. त्यांना जेवण, कपडे, औषध मिळे, ठराविक दिवशी तेल लावून न्हाऊ घालीत, ज्या विद्येकडे त्यांचा ओढा दिसे ती शिकवीत, आणि शेवटी त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्र करी. येथे पिंडाचा प्रश्न नाही, गादीचा नाही. परक्या मुलखातले परके मूल, आणि त्याची गरज. जो स्वतः दुसऱ्याच्या घरी वाढला त्याच्या लेखणीतून ही हकीकत यावी हे आम्हांस सूचक वाटते.

महाराष्ट्रात हीच वाट पुढे जोतीराव फुल्यांनी चोखाळली. १८६३ साली पुण्यात त्यांनी व सावित्रीबाईंनी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, आणि एका ब्राह्मण विधवेचा मुलगा आपलाच म्हणून दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याचा हक्क कागदावर पक्का केला. मूल आपले म्हणणे पुरेसे नाही, ते लिहून ठेवले पाहिजे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. १८७५ साली पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने अनाथ बालकाश्रम निघाला व प्रार्थनासमाजाने तो चालविला. विठोबाच्या दारी टाकलेली मुले तेथे वाढली. तमिळनाडूत १९९२ साली सुरू झालेली सरकारी ‘पाळण्याची योजना’ याच परंपरेतली. नको असलेली मुलगी मारू नका, पाळण्यात ठेवून जा, असे तिचे सांगणे होते.

परदेशगमनाचा अध्याय स्वातंत्र्यानंतरचा. १९५६ च्या कायद्याने हिंदूंना मुलगीही दत्तक घेण्याची मुभा दिली, ही मोठीच सुधारणा. परंतु परदेशी माणसास हिंदुस्थानात दत्तक घेण्याची सोय कोणत्याच कायद्यात नव्हती. म्हणून १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून केवळ पालकत्व मिळवायचे, मूल आपल्या देशी न्यावयाचे व तेथे दत्तविधान करावयाचे, असा मार्ग रूढ झाला. यात गैरप्रकार होतात अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाकडे पत्राने केली, आणि १९८४ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती भगवतींनी दिलेल्या निर्णयाने या व्यवहारास प्रथम शिस्त लागली: आधी देशात घर शोधा, परदेशी कुटुंबाची चौकशी करा, मुलाचा अहवाल तयार करा, पैशाचा व्यवहार थांबवा. १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था स्थापन झाली. १९९३ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय करारास भारताने २००३ साली मान्यता दिली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने सर्व धर्मांच्या कुटुंबांना व परदेशी पालकांना एकच दार उघडून दिले. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांस आता देशातील पालकांच्या बरोबरीने क्रम मिळतो, ही गोष्ट ज्यांची मुलेबाळे सातासमुद्रापार आहेत अशा आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

नियम झाले, तरी पाप थांबले नाही. २००५ साली याच महानगरात असे उघडकीस आले की गरीब वस्त्यांतून पळविलेली काही मुले एका संस्थेमार्फत, खोट्या कागदांच्या आधारे, परदेशांत दत्तक गेली होती. आईने पोलीसठाण्यात मूल हरवल्याची वर्दी दिलेली, आणि दुसऱ्या कागदावर त्याच मुलास आईने स्वखुशीने सोडले असे लिहिलेले! घेणारे आईबाप निष्पाप, देणारे आईबाप अजाण, आणि मधला कागद खोटा. स्वित्झर्लंडच्या झ्यूरिख व थुरगाउ या दोन परगण्यांत १९७३ ते २००२ या काळात भारतातून गेलेल्या दत्तक मुलांच्या कागदांचा अभ्यास करून तेथील विद्वानांनी २०२४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नावच ‘माता अज्ञात’ अशा अर्थाचे आहे. ज्या शास्त्राने सापिंड्यासाठी का होईना जन्मघर स्मरावयास सांगितले त्या शास्त्राच्या देशातून निघालेल्या मुलांच्या कागदावर हे दोन शब्द असावेत, याहून मोठी लाज कोणती?

आठवण राखण्याचे काम कागदाप्रमाणे वस्तूही करतात. लंडनमध्ये टॉमस कोरम याच्या प्रयत्नाने निघालेल्या अनाथालयात १७४१ पासून मुले घेऊ लागले. मूल सोडणारी आई खूण म्हणून काहीतरी ठेवी: अर्धे नाणे, गुंडी, फीत, किंवा अंगावरच्या कपड्याचा तुकडा. पुढेमागे ती परत आली तर त्या खुणेवरून मूल ओळखता यावे, हा हेतू. नोंदवहीच्या पानांस जोडलेले असे सुमारे ५,००० कापडाचे तुकडे आजही जपून ठेवलेले आहेत. आया बहुधा परतल्या नाहीत, चिंध्या राहिल्या. त्या चिंध्यांना लंडनकर आज संग्रहालयातील मौल्यवान ठेवा मानतात.

आमच्याकडून मूल नेणारी परदेशी कुटुंबेही आठवण म्हणून वस्तू नेतात. कांचीपुरमचे रेशीम, मान डोलविणारी तंजावरी बाहुली, पितळेची समई. त्यांत वाईट काही नाही. परंतु ती देशाची आठवण झाली, मुलाची नव्हे. मोठेपणी ते मूल विचारणार ते निराळेच: मी कोठे सापडलो, कोणत्या दिवशी, अंगावर काय होते, संस्थेत मला कोणत्या नावाने हाक मारीत, कोणत्या बाईने मला दूध पाजले, ती कोणत्या भाषेत अंगाई म्हणे? याची उत्तरे बाजारात मिळत नाहीत. ती मिळतात संस्थेच्या वहीत, बालअध्ययन अहवालात, वैद्यकीय तपासणीच्या कागदात, टाकलेल्या मुलाचे आईबाप शोधण्यासाठी वृत्तपत्रात छापलेल्या छायाचित्राच्या कात्रणात आणि त्या पहिल्या दिवशीच्या झबल्यात. जे कुटुंब मूल घेते, मग ते स्टॉकहोमचे असो वा सोलापूरचे, त्याने या वस्तू मागून घ्याव्यात, व मुलापासून लपवू नयेत. जन्माची खूण जपल्याने घरचा लळा कमी होतो ही भीती खोटी आहे. सरफोजींनी श्वार्ट्झचे शिल्प बसविले म्हणून भोसले वंशाचे चरित्र कोरविण्याचे काही थांबले नाही.

आता आमच्या वाचकांविषयी. आपल्यापैकी कित्येक जण परप्रांतांत जिल्ह्याचा कारभार पाहतात, कित्येक समाजकल्याण, पोलीस वा आरोग्य खात्यांत आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचे काम न्यायालयांकडून काढून जिल्हादंडाधिकाऱ्याकडे दिले असून २०२२ पासून तो नियम अमलात आला आहे. ज्या निर्णयासाठी सरफोजींच्या वेळी काशीपर्यंत पंडित शोधावे लागले तो आता आपल्या मेजावर येतो. आदेश वेळेवर द्यावा, हे खरेच. विलंबाने मुलाचे एकेक वर्ष संस्थेत जाते. परंतु सही करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. मूल सोडणाऱ्या आईस फेरविचारासाठी कायद्याने दिलेले ६० दिवस खरोखर मिळाले काय? आणि फाइलमध्ये लिहिलेली हकीकत कोणी जागेवर जाऊन पडताळून पाहिली काय?

दुसरे काम आदेशानंतरचे, आणि त्याची कोणी आठवण करून देत नाही. अठरा वर्षांच्या दत्तक व्यक्तीस स्वतः, व त्याहून लहानास पालकांसह, आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. जन्मदात्यांनी गुप्तता मागितली असेल तर तिचाही मान राखला जातो. परंतु हा हक्क कागद असेल तरच हक्क. संस्था बंद पडतात, भाड्याच्या जागा सुटतात, कपाटे रद्दीत जातात, जिल्ह्यांच्या हद्दी बदलतात. अंबत्तूर तालुकाच पाहा: तिरुवळ्ळूर जिल्ह्यातून तो २०१८ साली चेन्नईत आला. अशा स्थित्यंतरात कोणते दप्तर कोणत्या कचेरीत गेले, हे परदेशाहून आलेल्या चाळीस वर्षांच्या बाईस कोण सांगणार? ते सांगण्यासाठी जागेवर असलेल्या अधिकाऱ्याने बंद झालेल्या संस्थांच्या वह्या ताब्यात घ्याव्यात, त्यांची यादी करावी आणि ती यादी पुढील अधिकाऱ्याच्या हाती सोपवावी. यास वेगळा निधी लागत नाही; बदलीचा हुकूम येण्यापूर्वीचा एक आठवडा पुरे.

आम्ही बदलीची माणसे. एका गावचे रेशनकार्ड दुसऱ्या गावी न्यावे, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले सांभाळावे, लग्नात आलेले ताट गुंडाळून ट्रंकेत ठेवावे, हे आमच्या हाडीमासी खिळलेले. जागा बदलते तेव्हा खुणा बरोबर न्याव्या लागतात, हे आमच्याइतके कोणास ठाऊक आहे? मग ज्या मुलाला आपली ट्रंक स्वतः भरता येत नाही, त्याची ती भरून देण्याचे काम आमच्यावर येते. एका दत्तक राजाला आपले दप्तर देवळाच्या दगडावर लिहिता आले. साध्या मुलाचे दप्तर एका वहीत मावते. ती वही गहाळ होऊ नये एवढेच आमच्या हाती आहे, आणि ते आम्ही केले पाहिजे.